सावित्रीच्या खाडींतील सफर व तिची आखणी

माहीमच्या मुलांस भरती-ओहोटी म्हणजे काय हें पुस्तकांतून शिकवावें लागतें, याचें नवल वाटतें. रेतीबंदरावर सकाळीं जेथें होड्या तरंगत असतात तेथेंच दुपारीं त्या चिखलांत कलंडलेल्या दिसतात. हा देखावा आपल्या दाराशीं रोज घडतो. माहीम व वांद्रें यांमधील खाडी लोक पूर्वीं होडीनेंच ओलांडीत, आणि त्या प्रवासांत कित्येकांचे प्राण गेले. पुढें लेडी जमशेटजी जीजीभाई यांनीं दीड लाखाहून अधिक रुपये दिले व १८४५ सालीं तेथें रस्ता झाला. तेव्हांपासून खालचें पाणी चढतें आहे कीं उतरतें आहे, याची चौकशी करण्याचें कारण आपणांस उरलें नाहीं. परंतु सुट्टींत एखाद्या नदीकांठीं जाऊन होडीनें फिरावयाचें असेल, तर हीच चौकशी सर्वांत आधीं करावी लागते. घड्याळ मनगटावर असतें हें खरें. खाडींत मात्र वेळ सांगतें तें पाणी.

नदीकांठच्या अशा सुट्टीस योग्य स्थळ कोणतें, असें विद्यार्थी व पालक दोघेही विचारतात. तुर्कस्तानांत दाल्यान नांवाचें एक गांव आहे. तेथें नदीच्या कांठीं राहावें, कड्यांत कोरलेलीं प्राचीन थडगीं पाहावीं, ऊन पाण्याच्या झऱ्यांत स्नान करावें, आणि होडीनें वेताच्या बेटांमधून समुद्रावर जाऊन कासवांची पुळण पाहावी, यासाठीं दूरदूरचे लोक जातात. इतक्या दूर जाण्याची ऐपत आपल्यापैकीं थोड्यांचीच. परंतु नदी, कोरीव लेणीं, ऊन झरे, किल्ला व कासवांची पुळण हीं सर्व आपल्या कोंकणांत सावित्री नदीच्या कांठीं एकत्र मिळतात, आणि हें सारें मुंबईपासून एका दिवसाच्या प्रवासाच्या आंत आहे.

सावित्री महाबळेश्वरीं उगम पावते. कृष्णा, कोयना, वेण्णा या तिच्या बहिणी पूर्वेकडे वळतात. सावित्री मात्र सह्याद्रीचा कडा उतरून पश्चिमेस येते, पोलादपूर व महाड यांवरून वाहते आणि हरिहरेश्वर व बाणकोट यांच्यामध्यें समुद्रास मिळते. समुद्राची भरती नदीच्या पात्रांतून आंत महाडच्या आसपासपर्यंत चढते. म्हणून नकाशावर जिला नदी म्हटलें आहे तिच्या खालच्या भागास तेथील लोक खाडी म्हणतात, आणि तेंच नांव यथार्थ आहे. एके काळीं मुंबईहून निघालेल्या आगबोटी बाणकोटास थांबत व तेथून लहान होड्या भरतीबरोबर म्हाप्रळ, दासगांव या बाजूस माल व माणसें नेत. रस्ते झाले, पूल झाले, आणि तो व्यवहार संपला. आतां खाडीच्या लांबीभर नेमानें चालणारी उतारूंची होडी नाहीं. ती आपणच ठरवावी लागते. म्हणूनच आखणीचा प्रश्न उद्भवतो.

आतां मुख्य गोष्ट. कोंकणच्या नावाड्यांचा एक जुना हिशेब आहे. ज्या दिवशीं जावयाचें त्या दिवसाची तिथि घ्यावी व तिची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितक्या वाजतां भरती पूर्ण होते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि त्यापूर्वीं सुमारें सहा तास, म्हणजे सकाळीं नऊच्या सुमारास, पाणी पुरतें ओसरलेलें. दशमी असेल तर साडेसातास भरती व दीडच्या सुमारास ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, तिथि पुन्हां एकापासून मोजावयाची. पौर्णिमेस व अमावास्येस दुपारीं आणि मध्यरात्रीं बाराच्या सुमारास भरती येते. भरती रोज जी मागें पडते ती खरोखर पाऊण तास नव्हे, सुमारें पन्नास मिनिटें. म्हणून पक्षाच्या अखेरीस हा हिशेब बराच चुकतो. शिवाय आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळें बाणकोटास ती मुंबईपेक्षां थोडी आधीं येते, आणि खाडींत जसजसें आंत जावें तसतशी उशीरां पोहोंचते. पंचांगावरून दिवस ठरवावा, छापील भरतीच्या कोष्टकावरून तास पाहावा, आणि अखेरचा शब्द तेथील तांडेलाचा मानावा. ज्यानें त्या पाण्यांत चाळीस वर्षें घालविलीं त्याच्याशीं कोष्टक हातांत घेऊन वाद घालणारे मुंबईकर क्वचित् आढळतात. आपण त्यांपैकीं होऊं नये.

वेळेइतकेंच भरतीचें बळही पाहावें. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती असते. पाणी पुष्कळ चढतें, पुष्कळ उतरतें, आणि ओढ जबर असते. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती; तेव्हां चढउतार थोडा व ओढ सौम्य. लहान मुलें बरोबर असलेल्या कुटुंबानें होडीसाठीं भांगाचे दिवस घ्यावे. उलट ओहोटींत उघडे पडणारे खडक पाहावयाचे असतील तर उधाणाचे दिवस बरे. दोन्ही साधावयाचें तर मधल्या तिथि घ्याव्या.

या ठिकाणीं आपल्या सुट्ट्यांचा एक विलक्षण योग सांगण्यासारखा आहे. ईस्टरचा रविवार दर वर्षीं निराळ्या तारखेस कां येतो, हें वर्गांत अनेकदां विचारलें जातें. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा पहिला रविवार तो ईस्टर, असा जुना नियम आहे. म्हणजे ईस्टर बहुधा वद्य पक्षाच्या पहिल्या सात-आठ तिथींत पडतो. नावाड्याचा हिशेब त्यास लावून पाहा: त्या आठवड्यांत भरती दुपारीं एकपासून सहापर्यंतच्या वेळांत पूर्ण होते, आणि सकाळचा काळ बहुतेक ओहोटीचा असतो. तारीख बदलो, महिना बदलो, ईस्टरच्या आठवड्यांतील समुद्राचें वेळापत्रक फारसें बदलत नाहीं. आणि मार्च-एप्रिल हाच वेळासच्या पुळणीवर कासवांचीं पिलें बाहेर पडण्याचा हंगाम. नाताळच्या सुट्टींत हवा अधिक सुखाची असते हें कबूल. पण त्या वेळीं पिलें दिसत नाहींत.

उदाहरणादाखल असें धरूं, कीं एका कुटुंबानें ईस्टरचा रविवार आपल्या मंडळींत घालविला व सोमवारीं पहांटे तें माहीमहून निघालें; त्या दिवशीं वद्य चतुर्थी आहे. पनवेल, पेण, कोलाड, माणगांव या मार्गानें एस. टी.नें, किंवा कोंकण रेल्वेनें वीर स्थानकापर्यंत जाऊन, दुपारपर्यंत महाड गांठतां येतें. ऊन उतरल्यावर गांवाबाहेरील गांधारपाले येथील लेणीं पाहावीं. हीं लेणीं बौद्ध असून संख्येनें सुमारें तीस आहेत. विष्णुपालित नांवाच्या एका कुमारानें येथें लेणें, चैत्यगृह व पाण्याचीं टांकीं दिल्याचा ब्राह्मी लिपींतला लेख आहे. डोंगराच्या अंगास जेथें लेणीं खोदलीं आहेत तेथून खालीं गांधारी व सावित्री यांचा संगमप्रदेश दिसतो, आणि भिक्षूंनीं हीच जागा कां निवडली तें पाहतांच उमगतें. जेथें भरतीबरोबर होड्या येतात व घाटावरचे रस्ते उतरतात, तेथें व्यापारी असावयाचे. जेथें व्यापारी तेथें दान.

महाडास आलेल्या मुलांनीं चवदार तळें पाहिल्याशिवाय पुढें जाऊं नये. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या हजारों अनुयायांसह येथें येऊन त्या सार्वजनिक तळ्याचें पाणी प्राशन केलें. माणसास पाण्यापर्यंत जाऊं न देणें हा अन्याय किती मोठा, हें त्या तळ्याच्या पायऱ्यांवर उभें राहिल्यावर मुलांस सांगावें लागत नाहीं. रायगड जवळच आहे, परंतु तो स्वतंत्र दिवसाचा विषय. घाईनें पाहूं नये.

सव येथील ऊन झरे महाडच्या पश्चिमेस, सावित्रीच्या कांठीं आहेत. पाण्यास गंधकाचा वास येतो. हें पाणी उष्ण कां, याचें उत्तर सोपें आहे. पावसाचें पाणी खडकांच्या भेगांतून फार खोल उतरतें. जमिनीच्या पोटांत उष्णता अधिक असते, तेथें तें तापतें आणि दुसऱ्या भेगेनें वर येतें. ठाणें जिल्ह्यांतील वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून सव, उन्हवरे, तुरळ, राजवाडी व राजापूर अशी या झऱ्यांची जणूं रांगच सह्याद्रीच्या पायथ्याशीं समांतर लागलेली आहे. झऱ्याच्या कुंडांत पाय बुडवावे. शेजारच्या नदींत मात्र बुडवूं नयेत. महाडच्या आसपास सावित्रींत मगरी आहेत, आणि पात्राच्या कांठावर ऊन खात पडलेल्या त्या कित्येकांनीं पाहिल्या आहेत. दुरून पाहण्यास तो उत्तम प्राणी आहे.

दुसरे दिवशीं पंचमी. भरती पावणेचारास, म्हणून ओहोटी पावणेदहाच्या सुमारास. पहांटे सहास निघून माणगांव-म्हसळें मार्गानें हरिहरेश्वर गांठावें, तें याच कारणासाठीं. तेथील देवळामागें डोंगराच्या कडेनें समुद्राच्या बाजूस उतरणारी प्रदक्षिणेची वाट आहे. लाटांनीं हजारों वर्षें खडक कापून एक विस्तीर्ण फरशी तयार केली आहे, आणि खाऱ्या तुषारांनीं कड्यांत मधाच्या पोळ्याप्रमाणें खळगे पाडले आहेत. भूगोलाच्या शिक्षकानें तासभर फळ्यावर काढून जें समजत नाहीं तें येथें पांच मिनिटांत समजतें. परंतु ही वाट ओहोटींतच मोकळी असते. भरतींत लाटा कड्यास येऊन भिडतात, आणि परतीचा मार्ग बंद होतो. निसरड्या खडकावरून लाटेनें ओढून नेलेल्या माणसांच्या वार्ता वारंवार ऐकूं येतात. पाणी उतरत असतांना वाटेवर पाऊल टाकावें, तें पुरतें उतरतें न उतरतें तोंच अर्धी वाट झालेली असावी, आणि चढूं लागण्यापूर्वीं वर यावें. समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढण्याचा हव्यास तेथें अगदीं वर्ज्य करावा.

दुपारीं बागमांडल्याच्या धक्क्यावर यावें. येथून पलीकडच्या वेसवीस जाणारी मोठी सपाट तर आहे. माणसांबरोबर मोटारीही तिच्यावर चढतात. लोक तिला जंगल जेटी म्हणतात. अंतर थोडेंच आहे, पण दोन जिल्ह्यांमधील नदीचें मुख त्या वेळांत दोन्ही बाजूंस दिसतें. एका अंगास खुला समुद्र, दुसऱ्या अंगास तिवरांच्या हिरव्या कांठांमध्यें शिरत जाणारी खाडी.

हें मुख दिसतें तितकें निरुपद्रवी नव्हे. नदीनें आणलेली वाळू मुखाशीं सांचून पाण्याखालीं बांध तयार होतो. ओहोटीचें पाणी वेगानें बाहेर पडत असतां समोरून वारा व लाट आली, म्हणजे त्या उथळ जागीं लाटा उभ्या राहतात व फुटतात. एकोणिसाव्या शतकांत ऑर्थर मॅलेट नांवाचे इंग्रज अधिकारी या प्रांतांत होते. त्यांची पत्नी व मूल याच मुखाशीं होडी बुडून गेलीं. बाणकोटास त्यांचें स्मारक आहे. महाबळेश्वरीं ज्या कड्यास ऑर्थर सीट म्हणतात तें नांव याच गृहस्थांचें. तेथून सावित्रीचें खोरें दिसतें, व ते तेथें बसून तिकडे पाहत राहत, असें सांगतात. महाबळेश्वरास सहलीस जाणाऱ्यांना कडा ठाऊक असतो, पण नदीच्या दुसऱ्या टोकाशीं काय घडलें तें सहसा ठाऊक नसतें.

बाणकोटच्या किल्ल्याचें मराठी नांव हिंमतगड. तो १७५५ सालीं कमोडोर जेम्स यानें आंग्र्यांकडून घेतला, आणि इंग्रजांनीं त्यास फोर्ट व्हिक्टोरिया असें नांव दिलें. राणी व्हिक्टोरियाचें हें नांव, असें समजणारे पुष्कळ. पण तिचा जन्म १८१९ सालचा! किल्ला लहान आहे, परंतु बुरुजावरून मुख, वाळूचा बांध व समोरचें हरिहरेश्वर हीं एका दृष्टिक्षेपांत येतात. दुसऱ्या दिवसाच्या होडीच्या वाटेचा अभ्यास मुलांकडून येथेंच करवून घ्यावा.

पलीकडे वेळास. नाना फडणविसांचें हें मूळ गांव; परंतु आज त्याची ख्याति कासवांमुळें आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या हिंवाळ्यांत रात्रीं पुळणीवर येतात, मागच्या पायांनीं खड्डा खणतात, त्यांत शंभर-सवाशें अंडीं घालतात, वाळू लोटतात आणि समुद्रांत परत जातात. पिलांकडे पुन्हां पाहत नाहींत. पूर्वीं हीं अंडीं माणसें व कोल्हीं-कुत्रीं सर्रास पळवीत. २००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें गांवकऱ्यांस बरोबर घेऊन काम आरंभिलें. आतां अंडीं उचलून पुळणीवरच कुंपण घातलेल्या जागीं तितक्याच खोलीवर पुन्हां पुरतात. सुमारें पन्नास दिवसांनीं पिलें वाळू सारून वर येतात, आणि सकाळीं व संध्याकाळीं तीं समुद्राकडे सोडलीं जातात. वाळू अधिक उष्ण असेल तर माद्या अधिक, थंड असेल तर नर अधिक निपजतात, हें ऐकून मुलांस फार आश्चर्य वाटतें. पाहुण्यांची सोय गांवांतील घरींच होते, व साधें, रुचकर कोंकणी जेवण मिळतें. त्यामुळें जे हात पूर्वीं अंडीं विकीत त्यांना तीं राखण्यांत लाभ वाटूं लागला. केवळ उपदेशानें हें झालें नसतें, असें माझें मत आहे.

दाल्यान येथेंही याच स्वरूपाचा प्रसंग आला होता. तेथील इझ्तुझु पुळणीवर मोठें हॉटेल बांधण्याचा घाट घातला गेला. लोकांनीं विरोध केला, आणि १९८८ सालीं तो प्रदेश संरक्षित ठरला. आतां कासवांच्या हंगामांत रात्रीं ती पुळण माणसांस बंद असते. वेळासला नियम याहून साधे आहेत: दोरीच्या आंत जाऊं नये, पिलास हात लावूं नये, झगझगीत दिवा पाडूं नये. एखाद्या दिवशीं एकही पिलूं निघत नाहीं. मुलांना हें आधींच सांगून ठेवावें, म्हणजे रुसवेफुगवे होत नाहींत.

तिसऱ्या दिवशीं षष्ठी. भरती साडेचारास, ओहोटी साडेदहास. सकाळीं पुळणीवर पिलें पाहून परत वेसवीस यावें, आणि साडेदहा-अकराच्या सुमारास होडींत बसून खाडींत आंत निघावें. पाणी चढूं लागलेलें असतें, दुपारचा समुद्रावरचा वारा पाठीमागून येतो, आणि मुखाच्या बांधाकडे पाठ असते. तिन्ही गोष्टी अनुकूल. डोंगर दोहों बाजूंनीं जवळ येतात, तिवरांच्या मुळ्यांवर बगळे व खंड्ये बसलेले दिसतात, डोक्यावर पांढऱ्या मानेची ब्राह्मणी घार घिरट्या घालते. म्हाप्रळ-आंबेतच्या बाजूस उतरावें व तेथूनच घरची वाट धरावी. पुष्कळ लोक जेथून निघाले तेथेंच होडीनें परत येण्याचा आग्रह धरतात. मग ओहोटी लागेपर्यंत खोळंबा, आणि अंधार पडतां पडतां मुखाशीं पोहोंचणें. हें टाळावें. तिथि दशमीच्या सुमारास असती, तर सारा बेत उलटा करावा लागला असता: सकाळीं म्हाप्रळहून ओहोटीबरोबर निघून दुपारच्या आंत वेसवी.

होडी ठरवितांना भाडें माणशीं नव्हे, सबंध होडीचें व सबंध वेळेचें ठरवावें. वाटेंत थांबण्याचा वेळ त्यांत धरला आहे कीं नाहीं हें स्पष्ट विचारावें. परवाना आहे काय, किती माणसांचा आहे, आणि तितकीं प्राणरक्षक जाकिटें आहेत काय, हे प्रश्न विचारण्यास संकोच करूं नये. मुलांच्या अंगास बसणारीं लहान जाकिटें निराळीं मागावीं. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट वाटेंत बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. दिवस ऐन पावसाळ्याचे होते, समुद्र खवळलेला होता. होडींत एका बाजूस कांहीं मौजेचें दिसलें कीं सर्वांनीं तिकडे धांव घेणें ही आपली जुनी खोड आहे. बसल्या जागेवरूनच पाहावें, असें निघण्यापूर्वींच मुलांस बजावावें.

पावसाळ्यांत हा बेत मुळींच करूं नये. १ जून ते ३१ जुलै या काळांत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद असते, आणि कोळी लोक नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राच्या वाटेस जात नाहींत. सावित्रीचें पावसाळी रूप किती भयंकर असतें, हें २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं दिसलें. महाडजवळचा जुना दगडी पूल पुरानें वाहून गेला, आणि त्याबरोबर एस. टी.च्या दोन गाड्या उतारूंसह गेल्या. मार्चमध्यें त्याच पात्रांत वाळूचे पट्टे उघडे पडलेले पाहून हें खरें वाटत नाहीं.

बरोबर काय घ्यावें याचा विस्तार करण्याचें कारण नाहीं: रुंद टोपी, प्यावयाचें पाणी भरपूर, ओल्या खडकावर न घसरणारीं पायताणें, आणि वह्या-पेन्सिली. खाडीच्या दोन्ही कांठांस उतारूंच्या गाड्या थोड्या असतात. म्हणून म्हाप्रळ-आंबेतहून माणगांवकडे शेवटची एस. टी. किती वाजतां सुटते, हें निघण्याच्या आदल्या दिवशींच वेळासला यजमानांकडून विचारून घ्यावें, आणि होडी त्या वेळेच्या निदान दीड तास आधीं कांठास लागेल अशा बेतानें सोडावी.